जन्म, संमती आणि निर्गमन : लॉकच्या सामाजिक करार सिद्धांताची चिकित्सा

सारांश

राज्यसंस्थेचा अधिकार शासितांच्या संमतीतून निर्माण होतो, हा सामाजिक करार सिद्धांताचा गाभा आहे. जॉन लॉकने जन्माधिष्ठित आज्ञापालनाच्या विरोधात ही भूमिका मांडली. मात्र प्रत्यक्ष संमती न दिलेल्या बहुसंख्य लोकांचे बंधन सिद्ध करण्यासाठी त्याला 'मूक संमती'ची कल्पना स्वीकारावी लागली आणि तिच्याद्वारे जन्माचा निकष सिद्धांतात परत आला. प्रस्तुत लेखात या अंतर्विरोधाची चिकित्सा केली आहे. ह्यूम, रूसो, कांट व रॉल्स यांच्या प्रतिसादांचा परामर्श घेऊन, संमतीचे मूल्य नकाराच्या किमतीवर अवलंबून असते, हे १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतराच्या संदर्भात दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजसंज्ञा : सामाजिक करार, मूक संमती, राजकीय बंधन, निर्गमन, जन्माधिष्ठित सदस्यत्व.

प्रस्तावना

पाश्चात्य राजकीय विचारांच्या अध्यापनात हॉब्ज, लॉक व रूसो या तीन विचारवंतांची तुलना मानवी स्वभाव, निसर्गावस्था, कराराचे स्वरूप आणि सार्वभौमत्व या मुद्द्यांच्या आधारे करण्याची रीत रूढ आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे एक मूलभूत प्रश्न बाजूला राहतो. ज्याने करार केला नाही, त्याच्यावर कराराचे बंधन कसे येते? करार करणारी पिढी कल्पित असो वा ऐतिहासिक, आज आज्ञापालन करणारी व्यक्ती त्या कराराच्या वेळी उपस्थित नव्हती. तिच्यापुढे कोणी मसुदा ठेवला नाही आणि तिचा होकारही विचारला नाही.

सामाजिक करारावर घेतला जाणारा सर्वपरिचित आक्षेप त्याच्या अनैतिहासिकतेचा आहे. असा करार इतिहासात कधी झालाच नाही, असे सांगून अनेकदा चर्चा थांबविली जाते. परंतु हा आक्षेप सिद्धांताच्या मर्मापर्यंत पोहोचत नाही. असा करार प्रत्यक्षात झाला होता असे क्षणभर मानले, तरी पूर्वजांच्या होकाराने वंशजांना बांधता येते काय, हा प्रश्न उरतोच. लॉकने हा प्रश्न ओळखला होता. त्याने त्याला जे उत्तर दिले, त्यातच त्याच्या सिद्धांताचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसून येतात.

जन्माविरुद्ध संमती

लॉकचा 'टू ट्रीटिजेस ऑफ गव्हर्नमेंट' हा ग्रंथ १६८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६८८ च्या इंग्लंडमधील क्रांतीचे समर्थन म्हणून तो दीर्घकाळ वाचला गेला. तथापि ग्रंथाचा बराचसा भाग क्रांतीच्या काही वर्षे आधीच लिहिला गेला होता, हे पीटर लॅस्लेट यांच्या १९६० च्या संपादित आवृत्तीनंतर सामान्यतः मान्य झाले आहे. त्यामुळे ग्रंथाचा रोख समजून घेण्यासाठी रॉबर्ट फिल्मरकडे वळावे लागते. फिल्मरचा मृत्यू १६५३ मध्ये झाला, पण त्याचा 'पॅट्रिआर्का' हा ग्रंथ १६८० मध्ये, राजसत्तेच्या वारसाहक्काचा वाद ऐरणीवर असताना, प्रसिद्ध करण्यात आला. आदमला मिळालेला पित्याचा अधिकार वंशपरंपरेने राजांकडे आला आणि म्हणून प्रजा ही जन्मतःच राजाच्या अधीन असते, असे त्याचे प्रतिपादन होते. कोणताही मनुष्य स्वतंत्र म्हणून जन्माला येत नाही, हा या युक्तिवादाचा पाया होता.

लॉकने याच पायावर घाव घातला. दुसऱ्या प्रबंधातील ११६ ते ११८ या परिच्छेदांत त्याने दाखविले आहे की, पित्याला आपल्या करारानेदेखील मुलाला बांधता येत नाही. इंग्रज मातापित्यांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेले मूल कोणत्या राजाचे प्रजाजन, असा व्यवहारातील दाखला तो देतो. तत्कालीन राज्यांची स्वतःची वर्तणूकच या बाबतीत जन्माला निर्णायक मानत नव्हती, याकडे त्याने लक्ष वेधले आहे. त्याचा निष्कर्ष असा की, मूल कोणत्याही राज्याचे प्रजाजन म्हणून जन्माला येत नाही. सज्ञान होईपर्यंत ते पालकांच्या देखरेखीखाली असते आणि त्यानंतर कोणत्या राज्यात सामील व्हावयाचे हे ठरविण्यास ते मोकळे असते.

या निष्कर्षाचे क्रांतिकारकत्व आज सहज लक्षात येत नाही. जन्माने मिळालेले स्थान हेच ज्या समाजात कर्तव्याचे उगमस्थान मानले जात होते, तेथे जन्म आणि बंधन यांची फारकत करणे ही मोठी वैचारिक झेप होती. सिद्धांताची पुढील चिकित्सा करताना हे श्रेय लॉकला दिलेच पाहिजे.

मूक संमतीची मांडणी आणि तिच्यातील अडचण

जन्माचा आधार नाकारल्यानंतर लॉकपुढे अडचण उभी राहते. स्पष्ट शब्दांत संमती देणारे लोक कोणत्याही राज्यात थोडेच असतात. राजनिष्ठेची शपथ घेणारे पदाधिकारी वा धर्मगुरू यांच्याविषयी तसे म्हणता येईल. शेतकरी, मजूर, कारागीर यांच्याविषयी म्हणता येणार नाही. मग त्यांनी कायदा का पाळावा? परिच्छेद ११९ मध्ये लॉक उत्तर देतो की, राज्याच्या भूप्रदेशातील कोणत्याही मालमत्तेचा उपभोग म्हणजे मूक संमती होय. हा उपभोग वंशपरंपरागत जमिनीचा असो, आठवडाभराच्या मुक्कामाचा असो, किंवा केवळ राजमार्गावरून निर्वेधपणे प्रवास करण्याचा असो. त्या काळापुरते कायद्याचे बंधन लागू होते.

या मांडणीत तीन अडचणी आहेत. पहिली अडचण संमतीच्या अर्थाविषयीची आहे. रस्त्यावरून चालणे जर संमती ठरत असेल, तर संमती न देण्याची कृती कोणती, हे सांगता येत नाही. ज्या कृतीला पर्यायच नाही तिला निवड म्हणणे योग्य नव्हे. शिवाय जुलमी राजाच्या राज्यातही लोक रस्त्यावरून चालतात व घरात राहतात. तेवढ्याने त्या राजवटीला त्यांची संमती आहे असे लॉकला म्हणावयाचे नाही. स्वतःच्या जीवितावर आपल्यालाच अनिर्बंध अधिकार नसल्यामुळे तो दुसऱ्याला देताही येत नाही, असे परिच्छेद २३ मध्ये त्याने नमूद केले आहे. याचा अर्थ, जुलमी सत्ता अवैध ठरते ती लोकांनी संमती दिली नाही म्हणून नव्हे, तर तशी संमती देण्याचा अधिकारच कोणाला नाही म्हणून. हॅना पिटकिन यांनी १९६५ मध्ये या मुद्द्याकडे लक्ष वेधले. त्यांच्या मते लॉकच्या युक्तिवादात बंधनाचा निर्णय शेवटी शासनाच्या गुणवत्तेवरून होतो आणि प्रत्यक्ष संमती गौण ठरते.

दुसरी अडचण सदस्यत्वाची आहे. परिच्छेद १२२ मध्ये लॉक स्पष्ट करतो की, एखाद्या राज्याच्या कायद्यांखाली आयुष्यभर राहिल्यामुळे परदेशी व्यक्ती त्या राज्याची सदस्य होत नाही. सदस्य होण्यासाठी निश्चित वचन आणि व्यक्त करार आवश्यक असतो. हा निकष काटेकोरपणे लावला, तर स्पष्ट संमती न देता त्याच भूमीत जन्मून तेथेच मरणारा शेतमजूर आणि तेथे वास्तव्यास आलेला परदेशी व्यापारी यांच्या दर्जात भेद उरत नाही. दोघांवरही कायद्याचे बंधन आहे, पण दोघांपैकी एकही राज्याचा घटक नाही. ज्या सिद्धांताने प्रजेला नागरिक बनविण्याचा उद्देश बाळगला, तो बहुसंख्य प्रजेला पाहुण्यांच्या रांगेत बसवितो.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. परिच्छेद १२० व १२१ मध्ये मालमत्तेचा वारसा आणि संमती यांची सांगड घातली आहे. राज्याच्या अधिकारकक्षेतील जमीन ज्याला वारशाने मिळते, त्याने ती स्वीकारताना त्या राज्याचे आधिपत्यही स्वीकारले असे मानले जाते. बाहेर पडावयाचे असल्यास त्याने जमीन विकावी, दान करावी किंवा सोडून द्यावी आणि अन्यत्र जावे. येथे मुलाला पित्याच्या कराराने बांधलेले नाही, हे खरे. पण पित्याची जमीन आणि पित्याचे राज्य यांपैकी एक ठेवून दुसरे नाकारण्याची मुभाही त्याला नाही. पुढच्या दाराने बाहेर काढलेला जन्माचा निकष अशा रीतीने वारशाच्या मागच्या दाराने आत येतो.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, जो स्पष्ट संमती देतो त्याला बाहेर पडण्याची मुभा नाही. राज्यसंस्था विघटित झाल्याखेरीज, अथवा एखाद्या सार्वजनिक निर्णयाने त्याचे सदस्यत्व संपविल्याखेरीज, तो कायमचा बांधला जातो. मूक संमती देणारा मालमत्ता सोडून जाऊ शकतो. स्पष्ट संमती देणारा मालमत्ता सोडूनही जाऊ शकत नाही. याउलट १६८९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेवरील पत्रात लॉक चर्चला स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची संस्था म्हणतो. कोणीही जन्माने कोणत्या चर्चचा सदस्य नसतो आणि ज्या मोकळेपणाने प्रवेश केला त्याच मोकळेपणाने बाहेर पडता आले पाहिजे, असे तेथे त्याचे म्हणणे आहे. एकाच लेखकाने धर्मसंस्थेला लावलेला निकष राज्यसंस्थेला लावण्याचे टाळले आहे, ही बाब लक्षणीय आहे.

ह्यूमचा आक्षेप आणि रूसोची अट

मूक संमतीची कल्पना लॉकपेक्षा कितीतरी जुनी आहे. प्लेटोच्या 'क्रिटो' या संवादात अथेन्सचे कायदे सॉक्रेटिसशी बोलतात, अशी कल्पना केली आहे. प्रौढ झाल्यावर नगरराज्याचा कारभार पाहून तो पसंत नसल्यास आपली मालमत्ता घेऊन निघून जाण्याची मोकळीक प्रत्येकाला होती. जो राहिला त्याने कृतीने करार केला, असा कायद्यांचा युक्तिवाद आहे. अथेन्सचे कायदे मालमत्ता बरोबर नेऊ देतात, हा लॉकच्या मांडणीशी तुलना करताना ध्यानात घेण्याजोगा फरक होय.

या कल्पनेवर निर्णायक प्रहार डेव्हिड ह्यूमने १७४८ मधील मूळ करारविषयक निबंधात केला. परकी भाषा व चालीरीती ठाऊक नसलेल्या आणि रोजच्या तुटपुंज्या मजुरीवर पोट भरणाऱ्या गरीब शेतकऱ्याला अथवा कारागिराला देश सोडण्याची खरी निवड आहे, असे गंभीरपणे म्हणता येईल काय, असा त्याचा प्रश्न आहे. झोपेत असताना जहाजावर नेऊन ठेवलेल्या माणसाला जहाज सोडावयाचे तर समुद्रात उडी घेऊन प्राण गमवावे लागतील. तो जहाजावर राहिला म्हणून त्याने कप्तानाचा अधिकार मान्य केला असे ठरत नाही, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. १६८८ च्या क्रांतीचाही ह्यूमने अपवाद केला नाही. सुमारे एक कोटी लोकांविषयीचा तो निर्णय सातशे जणांतील बहुमताने झाला, असे त्याने निदर्शनास आणले. ह्यूमच्या मते आज्ञापालनाचा आधार समाजाच्या सर्वसाधारण हितात आणि गरजेत आहे; त्यासाठी वचनाचा आडोसा घेण्याचे कारण नाही.

ह्यूमचा आक्षेप वस्तुतः वर्गीय वास्तवाकडे निर्देश करतो. संमतीची सत्यता बाहेर पडण्याच्या शक्यतेवर अवलंबून असते आणि ही शक्यता सर्वांना समान उपलब्ध नसते. भांडवल बाळगणाऱ्या व्यापाऱ्याला देशांतर ही गैरसोय वाटेल. रोजंदारीवरील मजुराला ते उपासमारीचे दुसरे नाव ठरेल. मात्र ह्यूमने हा धागा पुढे नेला नाही. संमतीची कल्पना सोडून देऊन त्याने प्रस्थापित सत्तेला उपयुक्ततेचा आधार दिला. त्यामुळे मजुराला निवड नाही, या निरीक्षणातून त्याला ती मिळाली पाहिजे असा निष्कर्ष निघाला नाही.

रूसोची भूमिका येथे वेगळी ठरते. १७५५ च्या विषमतेवरील प्रबंधात त्याने एका फसव्या कराराचे चित्र रेखाटले आहे. आपली संपत्ती सुरक्षित करण्यासाठी श्रीमंत सर्वांना कायद्याच्या छत्राखाली येण्याचे आवाहन करतात आणि गरीब आपल्या स्वातंत्र्याच्या आशेने बेड्यांकडे धावतात. १७६२ च्या 'सोशल कॉन्ट्रॅक्ट'च्या चौथ्या भागात रूसोही राज्यातील वास्तव्याला संमती मानतो. परंतु तळटीपेत तो महत्त्वाची अट जोडतो. हे केवळ स्वतंत्र राज्याविषयी खरे आहे. अन्यत्र कुटुंब, मालमत्ता, आश्रयस्थानाचा अभाव, गरज वा बळजबरी यांमुळे माणूस इच्छेविरुद्धही देशात राहू शकतो आणि तेव्हा त्याचे वास्तव्य संमती दर्शवीत नाही. ह्यूमच्या आक्षेपाला करारवादी परंपरेत राहून दिलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होय. संमती गृहीत धरण्याआधी ती शक्य करणारी परिस्थिती अस्तित्वात आहे काय हे पाहिले पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

कल्पित करार : कांट आणि रॉल्स

ह्यूमनंतर करारवादाने वेगळा मार्ग स्वीकारला. इमॅन्युएल कांटने १७९३ मधील तत्त्व आणि व्यवहार यांच्या संबंधावरील निबंधात मूळ करार ही ऐतिहासिक घटना नसून बुद्धीची कल्पना आहे, असे प्रतिपादिले. संपूर्ण जनता ज्याला संमती देऊच शकणार नाही असा कायदा अन्याय्य होय, ही ती कसोटी. प्रजेतील एका वर्गाला जन्मावरून श्रेष्ठ दर्जाचा वंशपरंपरागत विशेषाधिकार देणारा कायदा हे त्याचे उदाहरण आहे. जन्माधिष्ठित श्रेणीबद्धतेविरुद्ध याहून नेमकी कसोटी शोधणे कठीण आहे.

तथापि त्याच निबंधात कांट मताधिकारी नागरिक कोण, याचाही विचार करतो. स्त्रिया वगळल्या जातात. घरगडी, दुकानातील नोकर, रोजंदारीवरील मजूर हे स्वतःचे धनी नसल्यामुळे तेही वगळले जातात. केशकर्तन करणारा केवळ सेवा विकतो म्हणून बाहेर आणि केसांचा टोप बनविणारा वस्तू विकतो म्हणून आत, इतका सूक्ष्म भेद तो तळटीपेत करतो व अशी सीमारेषा आखणे अवघड असल्याचेही मान्य करतो. शिवाय कसोटी वापरावयाची ती कायदेकर्त्याने. प्रजेला प्रतिकाराचा हक्क कांट नाकारतो. जनतेची संमती शक्य आहे की नाही हे जनतेला न विचारताच ठरविता येते, असा याचा परिणाम होतो.

विसाव्या शतकात जॉन रॉल्स यांनी 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१) या ग्रंथात या परंपरेचे पुनरुज्जीवन केले. मूळ स्थितीतील व्यक्तींना अज्ञानाच्या पडद्यामुळे आपली जात, वर्ग, लिंग वा बुद्धिमत्ता ठाऊक नसते. म्हणून त्या कोणाच्याही जन्मजात लाभाला अनुकूल तत्त्वे निवडणार नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद सुपरिचित आहे. जन्माच्या अपघाताला न्यायाच्या विचारातून वजा करण्याचा हा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न होय. परंतु रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९७३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, कल्पित करार हा खऱ्या कराराचा सौम्य प्रकार नसतो. त्याला करार म्हणून बंधनकारक शक्तीच नसते. रॉल्स यांनाही याची जाणीव होती. सर्वसामान्य नागरिकांच्या आज्ञापालनाचा आधार त्यांनी संमतीत न शोधता न्याय्य संस्थांना पाठिंबा देण्याच्या नैसर्गिक कर्तव्यात शोधला. पुढे 'पोलिटिकल लिबरलिझम' (१९९३) मध्ये त्यांनी समाजाची कल्पना अशी केली की, त्यात प्रवेश जन्माने आणि निर्गमन मृत्यूनेच होते. हे विश्लेषणाच्या सोयीसाठी केलेले गृहीतक आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही लॉकने ज्या निकषाविरुद्ध लेखणी उचलली, तो निकष तीनशे वर्षांनंतर सिद्धांताच्या गृहीतकांत उघडपणे समाविष्ट झाला, हे नजरेआड करता येत नाही.

कराराबाहेरील माणसे

आतापर्यंतची चर्चा पक्षकार कोण हे ठाऊक आहे असे मानून झाली. गेल्या काही दशकांतील दोन महत्त्वाच्या ग्रंथांनी नेमके हेच गृहीतक तपासले. कॅरोल पेटमन यांनी 'द सेक्शुअल कॉन्ट्रॅक्ट' (१९८८) मध्ये दाखविले की, लॉकने फिल्मरच्या पित्याची सत्ता नाकारली, पण पतीची सत्ता कायम ठेवली. पतिपत्नींत मतभेद झाल्यास निर्णय पतीचा असावा, कारण तो अधिक समर्थ व बलवान आहे, असे दुसऱ्या प्रबंधाच्या परिच्छेद ८२ मध्ये म्हटले आहे. जी सत्ता निसर्गदत्त मानली जाते तिला संमती विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्त्रीकडून विवाहाचा करार करून घेतला जातो, मात्र त्याच्या अटी ठरविण्याचा अधिकार तिला नसतो.

चार्ल्स मिल्स यांनी 'द रेशियल कॉन्ट्रॅक्ट' (१९९७) मध्ये वर्णाच्या संदर्भात असाच प्रश्न उपस्थित केला. त्यांच्या मते आधुनिक युरोपातील करार हा काही माणसांनी इतरांविषयी आपसांत केलेला करार होता. लॉकच्या चरित्रात याला आधार सापडतो. कॅरोलिना वसाहतीच्या मालकमंडळाचा तो सचिव होता आणि रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याने पैसे गुंतविले होते. १६६९ च्या कॅरोलिनाच्या मूलभूत संविधानाच्या सिद्धतेत त्याचा वाटा नेमका किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या दस्तऐवजातील एक तरतूद मात्र प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. गुलामाला आपल्या पसंतीच्या चर्चमध्ये सामील होता येईल. परंतु त्यामुळे मालकाच्या त्याच्यावरील सत्तेत काहीही फरक पडणार नाही, असे तेथे नमूद केले आहे. धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य आणि समाजातील स्थान बदलण्याचे स्वातंत्र्य यांची इतकी उघड फारकत क्वचितच आढळते.

या दोन्ही समीक्षकांनी करारवादाचा सर्वस्वी त्याग केला असे नाही. मिल्स यांनी पुढील काळात वर्णभेदाचे निराकरण करणाऱ्या करारवादाची शक्यता आग्रहाने मांडली; पेटमन मात्र कराराच्या भाषेविषयी अखेरपर्यंत साशंक राहिल्या. त्यांच्यातील हा मतभेद महत्त्वाचा आहे. करार ही वगळलेल्यांना सामावून घेता येण्याजोगी चौकट आहे की वगळणे हाच तिचा स्वभाव आहे, हा तो प्रश्न होय.

निर्गमनाची किंमत : १९५६ चा संदर्भ

हा प्रश्न केवळ युरोपीय विचारविश्वापुरता मर्यादित नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी टॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथाचे वाचन केले होते, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. शासन व जनता यांच्यात करार होत नसून व्यक्ती परस्परांशी करार करून शासन निर्माण करतात, हे पेनचे प्रतिपादन होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे सदस्यत्व जन्माने न मिळता प्रतिज्ञेने मिळत असे, ही बाब या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण वाटते. जातिव्यवस्थेत राज्यसंस्थेपेक्षाही कठोर स्वरूपाचे जन्माधिष्ठित सदस्यत्व आढळते. तेथे प्रवेशासाठी संमती विचारली जात नाही आणि बाहेर पडण्याचा मार्गही उपलब्ध नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या प्रसंगी देण्यात आलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सोडून दिलेल्या गोष्टी आणि स्वीकारलेल्या गोष्टी, दोहोंचा स्पष्ट उच्चार आहे. करारवादाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, जन्माने लादलेल्या सदस्यत्वातून जाहीर निर्गमन आणि व्यक्त संमतीने नव्या समूहात प्रवेश, असे या घटनेचे स्वरूप आहे. लॉकने सहिष्णुतेवरील पत्रात वर्णिलेल्या स्वेच्छामूलक संस्थेचे याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण आहे.

परंतु या निर्गमनाला किंमत मोजावी लागली. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नव्हती. १९५६ मध्ये शीख धर्मीयांचा त्यात समावेश झाला. बौद्धांचा समावेश होण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे धर्मांतरित व्यक्तीला या आदेशाखालील संरक्षणापासून दूर राहावे लागले. जातीमुळे वाट्याला येणारी अवहेलना मात्र प्रमाणपत्रातील धर्म पाहून थांबत नव्हती. जमीन सोडा आणि जा, असे लॉकने मूक संमती देणाऱ्याला सांगितले होते. येथे सवलत सोडा आणि जा, असे सांगितले गेले आणि जाणाऱ्याची जात मात्र त्याच्याबरोबर पाठविण्यात आली. कॅरोलिनाची तरतूद आणि १९५० चा आदेश यांचे हेतू परस्परविरोधी आहेत. एकीचा हेतू गुलामगिरी टिकविण्याचा, तर दुसऱ्याचा वंचितांना संरक्षण देण्याचा होता. तरीही दोन्ही ठिकाणी एकच तथ्य प्रत्ययास येते. व्यक्तीने बाहेर पडल्याचे जाहीर करणे पुरेसे नसते. इतरांनी आणि राज्यसंस्थेने ते मान्य करावे लागते. ही मान्यता नाकारली गेली किंवा महाग केली गेली, तर निर्गमनाचा हक्क कागदावर राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, राजकीय बंधनाचा उगम स्पष्ट करणारा सिद्धांत म्हणून सामाजिक करार अपुरा ठरतो. लॉकची मूक संमती बंधन सिद्ध करते तेव्हा ती संमती राहत नाही आणि ती खरी संमती असते तेव्हा बहुसंख्यांना लागू होत नाही. कांट व रॉल्स यांचा कल्पित करार या पेचातून सुटतो; पण त्यासाठी त्याला कराराची बंधनकारकता सोडून द्यावी लागते.

असे असले तरी करारवाद टाकून देण्याने वंचितांचा लाभ होत नाही. संमतीची भाषा सोडल्यानंतर ह्यूमकडे उरते ती प्रस्थापित व्यवस्थेची उपयुक्तता. आणि उपयुक्तता कोणाला, हा प्रश्न विचारण्याचे साधन त्याच्या मांडणीत नाही. भारतीय संविधानाच्या बाबतीतही हे पडताळून पाहता येते. संविधानाची उद्देशिका लोकांच्या नावाने लिहिली आहे. मात्र संविधान सभेतील प्रांतांचे प्रतिनिधी १९४६ मध्ये ज्या विधिमंडळांनी निवडले, त्यांचा मतदारवर्ग मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी मर्यादित होता. ह्यूमचा सातशे जणांविषयीचा आक्षेप येथेही घेता येईल. परंतु त्याला उत्तर आरंभीच्या क्षणात शोधावयाचे नसून नंतरच्या व्यवहारात शोधावयाचे आहे. १९५१-५२ च्या निवडणुकीपासूनचा प्रौढ मताधिकार, संविधान दुरुस्तीची तरतूद आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्क यांमुळे संमती मागाहून, अंशतः आणि पुनःपुन्हा दिली वा नाकारली जाऊ शकते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा जो इशारा दिला, त्याचा अर्थही या चौकटीत अधिक स्पष्ट होतो. नकार देण्याची ऐपत नसलेल्या माणसाचे मत हे पूर्णार्थाने संमती होत नाही.

म्हणून सामाजिक कराराचा विचार तीन प्रश्नांच्या आधारे करणे युक्त ठरेल. करारात पक्षकार म्हणून कोणाची गणना झाली आणि कोण केवळ कराराचा विषय ठरले? नकार देणाऱ्याला कोणती किंमत मोजावी लागते आणि ती सर्वांना सारखी आहे काय? संमतीची कसोटी लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे? निसर्गावस्था आणि सार्वभौमत्व या रूढ मुद्द्यांच्या जोडीला हे प्रश्न अध्यापनात आले, तर लॉकचा दुसरा प्रबंध परीक्षेपुरता न राहता आजच्या संस्थांची तपासणी करण्यासाठी वापरता येईल. मूल कोणत्याही राज्याचे प्रजाजन म्हणून जन्माला येत नाही, हे लॉकचे विधान त्याच्या स्वतःच्या सिद्धांताला पेलले नाही. जात, कुटुंब आणि राज्य या तिन्ही संस्थांच्या संदर्भात ते कितपत खरे करता येईल, हे पाहण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.